कडी वाजवणारं दार

रक्तदाबावरची ॲम्लोडिपिनची गोळी आज कितीतरी घरांत रोज घेतली जाते. तिचं काम समजायला सोपं आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्या स्नायूंच्या पेशींवर जे पातळ पटल असतं, त्यात कॅल्शियमला आत येण्यासाठी प्रथिनांची दारं बसवलेली असतात. पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब बदलला की दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, स्नायू आवळतो आणि वाहिनी अरुंद होते. गोळीतलं औषध या दाराला जाऊन चिकटतं. मग कॅल्शियम कमी शिरतं, वाहिनी सैलावते, दाब उतरतो.

हे औषध ज्या रासायनिक कुळातलं, त्याचं नाव डायहायड्रोपायरिडीन. १९८० च्या आसपास संशोधकांनी हे कुळ एका वेगळ्याच कामाला लावलं. औषधाला किरणोत्सारी खूण करायची, ते वेगवेगळ्या ऊतींवर सोडायचं आणि कुठे किती चिकटतं ते मोजायचं, म्हणजे ही दारं शरीरात कुठे किती आहेत ते कळतं. १९८३ साली फ्रान्समधल्या नीस शहरात मिशेल लाझदुन्स्की यांच्या गटाने असं मोजमाप केलं, तेव्हा सर्वांत दाट वस्ती ना रक्तवाहिन्यांत निघाली, ना हृदयात, ना मेंदूत. ती निघाली हाडांना जोडलेल्या, आपल्या इच्छेने हलणाऱ्या स्नायूंत. दंडात, मांडीत, पोटरीत.

मग गोळी घेतलेला माणूस जिना कसा चढतो? दारं सर्वांत जास्त जिथे, तिथे औषधाचा परिणाम सर्वांत जास्त व्हायला हवा. त्याचे हातपाय गळून जायला हवेत. तसं काही होत नाही. का होत नाही, याचं उत्तर मला जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं. ते कळायला मात्र थोडं मागून यावं लागतं.

सुरुवात वेगाच्या कोड्यापासून. स्नायूतला एक तंतू म्हणजे एकच पेशी. लांबीला ती कित्येक सेंटिमीटर असू शकते आणि जाडीला साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. मज्जातंतूकडून आलेला हुकूम या तंतूच्या पृष्ठभागावरून विजेच्या लहरीसारखा धावतो. आकुंचन पावणारे धागे मात्र पृष्ठभागापासून थेट गाभ्यापर्यंत ठासून भरलेले असतात आणि ते सगळे जवळजवळ एकदमच ओढायला लागतात. १९४८ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी कागदावर हिशोब मांडला: पृष्ठभागावरून एखादा पदार्थ झिरपत झिरपत गाभ्यापर्यंत पोचायचा तर किती वेळ लागेल? उत्तर आलं, फार वेळ. बेडकाचा स्नायू ज्या चपळाईने आकसतो, त्या चपळाईत हे बसतच नाही. म्हणजे बातमी आत नेणारं दुसरंच काहीतरी असलं पाहिजे.

ते काहीतरी कुठे आहे, हे केंब्रिजच्या अँड्र्यू हक्स्ले यांनी रॉबर्ट टेलर यांच्याबरोबर १९५५ च्या सुमाराला शोधलं. हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. बेडकाच्या स्नायूतला एकच तंतू सोडवून घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यावर आडवे पट्टे दिसतात, एक गडद, एक फिकट, पुन्हा गडद, पुन्हा फिकट. प्रत्येक फिकट पट्ट्याच्या बरोबर मधून एक बारीक रेघ जाते, तिला झेड रेषा म्हणतात. एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतचं अंतर दोन-अडीच मायक्रोमीटर. आता काचेची नळी तापवून, ओढून तिचं टोक एक-दोन मायक्रोमीटरइतकं बारीक करायचं, ते तंतूच्या पृष्ठभागाला नुसतं टेकवायचं आणि अगदी हलका विद्युतप्रवाह द्यायचा. सगळा तंतू जागा होता कामा नये, इतका हलका.

टोक गडद पट्ट्यासमोर असलं तर काहीच होत नाही. ते सरकवत झेड रेषेसमोर आणलं की त्या रेषेच्या दोन्ही अंगांचा फिकट पट्टा आकसतो. शेजारचे पट्टे हलतसुद्धा नाहीत. प्रवाह किंचित वाढवला की आकुंचन तंतूच्या आत खोलवर जातं, पण लांबीच्या दिशेने पसरत नाही. आणि झेड रेषेवरसुद्धा कुठेही टोक टेकवून चालत नाही. ठरावीक जागा आहेत, तिथेच तंतू प्रतिसाद देतो. टोक थोडं इकडेतिकडे झालं की तो गप्प. एका पेशीच्या पृष्ठभागावर कान नेमके कुठे आहेत, हे त्यांनी काचेच्या टोकाने चाचपून काढलं होतं.

पुढे खेकड्याच्या आणि सरड्याच्या स्नायूंवर हाच प्रयोग झाला, तेव्हा हे कान झेड रेषेवर नव्हे तर गडद आणि फिकट पट्ट्यांच्या सीमेवर सापडले. म्हणजे रेषा महत्त्वाची नव्हती, त्या त्या जागी पटलाला काहीतरी जोडलेलं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते दाखवलं: पृष्ठभागाचं पटलच जागोजागी बोट घातल्यासारखं आत गेलं आहे आणि त्याच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं जाळं तंतूच्या आरपार पसरलं आहे. नळ्या बाहेरच्या बाजूला उघड्या आहेत, हे १९६४ साली पक्कं झालं. ह्यू हक्स्ले (अँड्र्यूंचे कुणी नातेवाईक नव्हेत) यांनी फेरिटिन नावाचं लोहयुक्त प्रथिन तंतूभोवतीच्या द्रवात घातलं. त्याचे कण पेशीत शिरू शकत नाहीत, पण या नळ्यांमध्ये ते खोलवर दिसले. या नळ्यांना आडव्या नलिका म्हणू. पृष्ठभागावरची वीज त्यांच्यातून गाभ्यापर्यंत उतरते.

इथे एमिलिओ वेराट्टी यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. इटलीतल्या पाव्हिया इथे, कामिलो गोल्जी यांच्या प्रयोगशाळेत, १९०२ साली या माणसाने रुप्याच्या क्षारांनी तंतू रंगवून हे जाळं साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं आणि त्याची अप्रतिम चित्रं काढली होती. त्याचा उपयोग काय ते कुणाला समजलं नाही. जवळजवळ अर्धशतक ती चित्रं पडून राहिली. आज ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांशेजारी ठेवली तर आपण थक्क होतो.

आडवी नलिका एकटी नसते. तिला दोन्ही बाजूंनी दोन फुगीर पिशव्या चिकटून असतात. या पिशव्या म्हणजे पेशीचं कॅल्शियमचं कोठार. पेशीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेरच्या तुलनेत ते साधारण दहा हजाराव्या भागाइतकं असतं, कारण कोठाराच्या भिंतीतले पंप ते सतत आत भरत असतात. दर दोन कॅल्शियम आयनांमागे एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च होतो. हा खर्च करण्यामागे कारण आहे. पेशीत मोकळं कॅल्शियम वाढणं हाच आकुंचनाचा इशारा. १९४७ साली अमेरिकेत हेलब्रून आणि व्हिएर्चिन्स्की यांनी स्नायुतंतूत वेगवेगळे क्षार सुईने टोचून पाहिले, तर कॅल्शियमनेच तंतू आकसला. जपानमध्ये सेत्सुरो एबाशी वर्षानुवर्षं हेच सांगत होते. पुष्कळांना ते पटत नव्हतं. इतका साधा धातूचा आयन स्नायूवर राज्य करतो, हे जैवरसायनशास्त्रज्ञांच्या पचनी पडायला वेळ लागला. १९६५ साली एबाशींच्या गटाने धाग्यांवर कॅल्शियम जिथे बसतं ते ट्रोपोनिन हे प्रथिन शोधलं आणि वाद संपला.

त्या काळातला एक प्रयोग केवळ सौंदर्यासाठी सांगायला हवा. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारा बार्नेकल नावाचा कवचधारी प्राणी आहे. त्याच्या एका मोठ्या जातीत एकेक स्नायुतंतू मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड असतो. एका जेलीफिशपासून एक्वोरिन नावाचं प्रथिन मिळतं, कॅल्शियम भेटलं की ते निळसर उजळतं. १९६७-६८ मध्ये अ‍ॅशली आणि रिजवे यांनी हे प्रथिन बार्नेकलच्या तंतूत भरलं आणि तंतूला विजेचा झटका दिला. आधी उजेड आला, मग ताण चढला. ताण शिखरावर पोचेपर्यंत उजेड ओसरायलाही लागला होता. कॅल्शियम येतं, निरोप देतं आणि लगेच उचललं जातं, हे डोळ्यांसमोर आलं.

कॅल्शियम येतं कुठून, हा खरा प्रश्न. हृदयाचं उत्तर फार आधी मिळालं होतं. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या लक्षात आलं की नळाच्या पाण्यात कालवलेल्या क्षारांत बेडकाचं हृदय धडधडत राहतं, पण ऊर्ध्वपातित पाण्यात तेच क्षार घातले तर थांबतं. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. हृदयाच्या पेशींना बाहेरचं कॅल्शियम प्रत्येक ठोक्याला लागतं. विद्युतदाब बदलतो, दार उघडतं, बाहेरून थोडं कॅल्शियम आत येतं, ते कोठाराला जाऊन भिडतं आणि कोठार आपलं कॅल्शियम सोडतं.

मग हाडांना जोडलेल्या स्नायूतही असंच असणार, असं कुणालाही वाटेल. १९७२ साली क्ले आर्मस्ट्राँग, फ्रान्सिस्को बेझानिया आणि पॉल होरोविट्झ यांनी बेडकाच्या एकेकट्या तंतूभोवतीचं कॅल्शियम ईजीटीए या रसायनाने जवळजवळ पूर्णपणे पकडून ठेवलं. बाहेर कॅल्शियम नाही म्हटल्यावर आत येणार काय? तरी विजेच्या प्रत्येक झटक्यागणिक तंतू उडत राहिला, कित्येक मिनिटं. त्याला बाहेरच्या कॅल्शियमची गरजच नव्हती.

आता कोडं किती अवघड झालं पहा. विद्युतदाब बदलतो तो आडव्या नलिकेच्या पटलावर. कॅल्शियम सुटतं ते शेजारच्या कोठारातून. दोन्हींची पटलं वेगळी, त्यांच्यामध्ये साधारण १२ नॅनोमीटरची फट. बाहेरून कॅल्शियम आत येऊन निरोप देत नाही. तरीही एक-दोन मिलिसेकंदांत निरोप पोचतो. तो नेतं कोण?

येल विद्यापीठात मार्टिन श्नायडर आणि नॉक्स चॅन्डलर यांनी १९७३ मध्ये एक धाडसी मोजणी केली. समजा, पटलात रुतलेलं एखादं प्रथिन विद्युतदाब ओळखतं. ओळखायला त्याच्यात विद्युतभार हवा, आणि दाब बदलला की तो भार थोडासा सरकायला हवा. सरकणारा भार म्हणजे प्रवाह, मग तो कितीही क्षीण असो. त्यांनी औषधं वापरून आयनांचे नेहमीचे सगळे प्रवाह बंद केले, उरलेल्यातून साध्या पटलाचा वाटा वजा केला आणि खरोखर एक इवलासा प्रवाह उरला. तो थोडा वेळ वाहून थांबे. दाब पूर्ववत केला की तेवढाच भार उलट दिशेने परत येई. आत काही शिरलं नव्हतं, बाहेर काही गेलं नव्हतं. पटलाच्या जाडीत काहीतरी हललं होतं आणि पुन्हा जागेवर आलं होतं.

एवढ्याशा विद्युतदाबाने प्रथिन कसं हलेल, असं वाटणं साहजिक आहे. विश्रांतीत असलेल्या तंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ८५ मिलिव्होल्टने ऋण असते. घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलपुढे हे काहीच नाही. पण पटल फक्त ५ नॅनोमीटर जाड आहे. भागाकार केला तर क्षेत्राची तीव्रता दर मीटरला जवळजवळ १ कोटी ७० लाख व्होल्ट भरते. हवेतून ठिणगी पडायला ३० लाख पुरतात. आपल्या प्रत्येक स्नायुपेशीचं पटल त्याच्या कितीतरी पट ताणात अहोरात्र उभं आहे, आणि हुकूम आला की हा ताण एका मिलिसेकंदाच्या आत नाहीसा होऊन क्षणभर उलटतो. त्या क्षेत्रात धन भार धरून बसलेलं प्रथिन हललं नाही तरच नवल.

येलच्या गटाने पुढे एक चित्रही मांडलं. नलिकेच्या पटलात सरकणारा भार, त्याला जोडलेला दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कोठाराच्या तोंडात बसलेला दट्ट्या. भार सरकला की दट्ट्या ओढला जातो आणि कोठार मोकळं होतं. रेणूंच्या जगात दांडे आणि दट्टे? पण त्याच्या थोडंच आधी, १९७० मध्ये, क्लारा फ्रांझिनी-आर्मस्ट्राँग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या १२ नॅनोमीटरच्या फटीत ओळीने उभे असलेले ठोकळे पाहिले होते. कोठारातून निघून नलिकेकडे पोचणारे. त्यांना त्या ‘पाय’ म्हणाल्या.

हे पाय म्हणजेच कोठाराची तोटी, हे नंतर कळलं. वेस्ट इंडिज आणि दक्षिण अमेरिकेकडच्या एका झुडपापासून रायनोडीन हे कीटकनाशक विष मिळतं. ते या प्रथिनाला घट्ट चिकटतं, म्हणून त्याला रायनोडीन ग्राहक म्हणतात. आयन सोडणाऱ्या ज्ञात प्रथिनांत हे सर्वांत अवाढव्य. चार सारखे भाग, प्रत्येकात सुमारे पाच हजार अमिनो आम्लं, एकूण वजन वीस लाख डाल्टनच्या वर.

आणि पलीकडे, नलिकेच्या पटलात? फ्रांझिनी-आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली टोडफिश या माशाच्या स्नायूत पाहिलं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर या जातीचा नर मादीला साद घालतो तो पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरवून. पृष्ठवंशी प्राण्यांतल्या सर्वांत चपळ स्नायूंपैकी हा एक. नलिका आणि कोठार यांच्या भेटीच्या जागा त्यात खच्चून भरलेल्या. तिथे नलिकेच्या पटलात कण दिसले, चारचारांच्या चौकडीत, आणि प्रत्येक चौकडी समोरच्या एका ‘पाया’च्या चार भागांवर बरोबर बसलेली. मात्र एक सोडून एक पायावर. मधले पाय मोकळे.

हे कण कसले? इथे रक्तदाबाचं औषध पुन्हा येतं. १९८७ मध्ये शिकागोत एदुआर्दो रिओस आणि गुस्तावो ब्रुम यांनी दाखवलं की निफेडिपिन, म्हणजे ॲम्लोडिपिनचं थोरलं भावंड, विशिष्ट परिस्थितीत दिलं तर श्नायडर-चॅन्डलरांचा तो सरकणारा भार आणि कोठारातून सुटणारं कॅल्शियम दोन्ही एकदमच कमी होतात. म्हणजे विद्युतदाब ओळखणारं प्रथिन आणि लाझदुन्स्कींना स्नायूंत खच्चून सापडलेलं कॅल्शियमचं दार एकच. त्याच वर्षी क्योटोत शोसाकू नुमा यांच्या प्रयोगशाळेत त्सुतोमु तानाबे आणि मंडळींनी सशाच्या स्नायूतून या प्रथिनाची पूर्ण अमिनो आम्ल-साखळी वाचली. साखळीत एकमेकांसारखे चार विभाग निघाले. प्रत्येकात एक असा तुकडा, ज्यात दर तिसरं अमिनो आम्ल धन भाराचं. क्षेत्रात सरकतो तो हा तुकडा. एका दारात चार, चौकडीत सोळा. कोठाराच्या एक सोडून एक तोटीवर असे सोळा पहारेकरी नजर ठेवून असतात.

पुरावा अजून परिस्थितीजन्य होता. तो पक्का झाला उंदराच्या एका दुर्दैवी जातीमुळे. या जातीत काही पिल्लं आईच्या पोटात एकदाही पाय झाडत नाहीत. हृदय व्यवस्थित चालतं, कारण हृदयाचं दार वेगळ्या जनुकाचं. पण जन्मल्यावर श्वासाचा पडदा हलत नाही आणि पिल्लू तिथेच मरतं. त्यांचे स्नायू धागे, कोठार, कॅल्शियम यांनी भरलेले असतात, पण विजेचा झटका दिला तर आकसत नाहीत. १९८८ साली तानाबे, कर्ट बीम, जीन पॉवेल आणि नुमा यांनी अशा पिल्लांच्या स्नायुपेशी बशीत वाढवल्या आणि अतिसूक्ष्म सुईने एकेका पेशीच्या केंद्रकात सशाच्या त्या दाराचं जनुक सोडलं. पेशीने जनुक वाचून प्रथिन घडवेपर्यंत थांबायचं, मग झटका द्यायचा. पेशी आकसल्या. जन्मापासून कधीही न हललेला स्नायू एका जनुकाने हलायला लागला. शेजारची सुई न लागलेली पेशी तशीच निश्चल. विज्ञानात इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो.

दोन वर्षांनी त्यांनी याच पेशींना हृदयाच्या दाराचं जनुक दिलं. पेशी आकसल्या, पण बाहेर कॅल्शियम असेल तरच, अगदी हृदयासारख्या. मग हृदयाच्या दाराच्या साखळीतला फक्त एक फाटा, दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागांना जोडणारा आणि पेशीच्या आत लोंबणारा, काढून त्याजागी स्नायूच्या दाराचा फाटा बसवला. आता बाहेरच्या कॅल्शियमवाचूनही पेशी आकसू लागल्या. कोठाराकडे पोचणारा हात सापडला होता.

स्नायूतलं हे दार उघडतं का? उघडतं, पण इतकं रेंगाळत की पूर्ण उघडायला दहा मिलिसेकंदांच्या कित्येक पट वेळ जातो. स्नायूतला विद्युतसंकेत दोन-तीन मिलिसेकंदांत संपलेला असतो. दार उघडेपर्यंत काम झालेलं असतं. हे दार कुणी आत यावं म्हणून बसवलेलंच नाही. त्याची कडी वाजली की शेजाऱ्याचं दार उघडतं, त्यासाठी ते आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या मॅनफ्रेड ग्राब्नर यांच्या गटाने असे उंदीर घडवले, ज्यांच्या स्नायूतल्या या दारातून कॅल्शियमचा प्रवाह मुळीच वाहत नाही. उंदीर धावले, जगले, त्यांच्या ताकदीत फरक दिसला नाही. आणि झेब्राफिशसारख्या माशांत तर निसर्गाने हे कधीच करून टाकलं आहे: त्यांच्या स्नायूतलं दार कॅल्शियमला जाऊच देत नाही. चपळ पोहायचं असेल तर वाहतूक हवीच कशाला? उत्क्रांतीने दार ठेवलं, त्यातली ये-जा काढून घेतली आणि दाराच्या हलण्याचाच निरोप केला.

तेव्हा गोळी घेणाऱ्या माणसाचे पाय का लटपटत नाहीत, हे आता सरळ होतं. गोळी अडवते ती ये-जा, आणि या स्नायूंचं ये-जेवाचून अडत नाही. शिवाय पटल जिथे फार ऋण आहे तिथे हे औषध नीट चिकटत नाही. रक्तवाहिन्यांच्या पेशी विश्रांतीतही उणे ४०-५० मिलिव्होल्टच्या आसपास असतात, हाडांना जोडलेले स्नायू उणे ८५ वर. म्हणूनच रिओस आणि ब्रुम यांना ‘विशिष्ट परिस्थिती’ तयार करावी लागली होती. आणखी एक मौज अशी की कॅल्शियमच्या दारांविषयी जगाने शिकलेलं पुष्कळ काही, अगदी पहिलं शुद्धीकरण आणि पहिली साखळी, सशाच्या स्नायूतून आलं. ज्या ऊतीला या दाराचा दार म्हणून जवळजवळ उपयोग नाही, तिच्यातच ते सर्वांत मुबलक.

यंत्रणा इतकी नेमकी म्हणून तिच्यातले बिघाडही नेमके. सरकणाऱ्या त्या तुकड्यांवरचं एखादं धन भाराचं आर्जिनिन, अनेक कुटुंबांत साखळीतलं ५२८ वं, बदलून हिस्टिडिन झालं, तर तुकडा ज्या खाचेतून सरकतो ती खाच गळायला लागते. मुख्य दार बंद असतानाही बाजूने थोडा प्रवाह आत झिरपतो. एरवी हे निभतं. पण भरपूर गोडधोड, भाताचं जेवण झालं, इन्शुलिनने रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकललं, की पटलाचा तोल जातो, ते अर्धवट दाबावर अडकतं, आणि माणूस सकाळी जागा होतो तेव्हा हातपाय उचलत नाहीत. काही तासांत सगळं पूर्ववत. अशा रुग्णाला पूर्वी ‘मानसिक’ म्हणून वाटेला लावलं जात असेल, तेव्हा त्याच्यावर काय बेतलं असेल, याचा विचार केला की कळवळा येतो. दोष एका अमिनो आम्लाचा.

पलीकडच्या तोटीतला बिघाड जिवावरचा. १९६० मध्ये मेलबर्नचे डेनबरो आणि लव्हेल यांनी एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. पाय मोडून तो रुग्णालयात आला होता, पण त्याला भीती पायाची नव्हती, भुलीची होती. त्याचे दहा नातेवाईक भूल दिल्यावर दगावले होते. भुलीसाठी हॅलोथेन दिल्यावर त्याचा ताप भडकला, तो कसाबसा वाचला. अशा कुटुंबांत कोठाराची तोटी भुलीच्या वायूने सताड उघडते, स्नायू ताठरतात, पंप कॅल्शियम भरत राहतात आणि त्या धडपडीत शरीर तापत जातं. त्यावरचं औषध डॅन्ट्रोलीन थेट या तोटीवर काम करतं.

२०१५-१६ मध्ये निएंग यान यांच्या बीजिंगमधल्या गटाने सशाच्या स्नायूतलं दार गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ अणू-अणू ओळखू यावा इतकं स्पष्ट पाहिलं. तोटीचीही तशीच रचना तीन गटांनी मांडली. तरी एवढ्याने यंत्र चालत नव्हतं. कुठल्याही साध्या पेशीत ही दोन प्रथिनं घातली तर ती एकमेकांशी बोलत नसत. २०१३ मध्ये झेब्राफिशच्या एका न पोहू शकणाऱ्या वाणातून स्टॅक३ हे छोटं प्रथिन पुढे आलं. त्याच्यातला दोष माणसांतही सापडला, उत्तर कॅरोलिनातल्या लम्बी या मूलनिवासी समाजातल्या मुलांच्या स्नायुदौर्बल्याचं कारण म्हणून. मग २०१७ मध्ये कर्ट बीम यांच्या गटाने (१९८८ च्या त्या सुईच्या प्रयोगातले हेच बीम) माणसाच्या गर्भाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या पेशी घेतल्या. या पेशींचा आकुंचनाशी काहीएक संबंध नाही. त्यात दार, दाराचा बीटा नावाचा जोडीदार, स्टॅक३, तोटी आणि दोन पटलांना फटीपुरतं जवळ धरून ठेवणारं जंक्टोफिलिन, अशी पाच प्रथिनं घातली. पटलावरचा विद्युतदाब बदलला आणि बाहेरून कॅल्शियम आत न येता त्या मूत्रपिंडाच्या पेशीने आतल्या कोठारातलं कॅल्शियम सोडलं.